थांबलेले चित्र

वर्षभर या पानावर मी मिक्सरचे भांडे, गिझरची कॉइल, पंख्याचा कंडेन्सर असल्या घरगुती दुखण्यांवर लिहीत असतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा नेहमीपेक्षा जास्त दिली आणि वर बजावले, की या खेपेस जरा खुसखुशीत होऊन जाऊ द्या! खुसखुशीतपणाचे खाते मी आमच्या सौ.च्या चकल्यांकडे सोपवले आहे. माझ्याकडे या वर्षी सांगण्यासारखी एकच हकीकत आहे, आणि ती एका लॅपटॉपच्या घरघरीची आहे. तिच्यात एका चुकीचा कबुलीजबाबही आहे. पण तो ओघाने येईल.

माझी आई वाईला राहते. वय ८४. वडील गेल्यापासून तिला ठाण्याला आणण्याचे आमचे सगळे प्रयत्न फसले. "तुमच्या चौथ्या मजल्यावर मी पडले तर कोणाला कळायचंसुद्धा नाही. इथे पडले तर निदान वाईत पडेन," हे तिचे उत्तर ठरलेले. दिवसा कामाच्या बाई येतात, रात्री शेजारच्या वहिनींचे कान आमच्या भिंतीला असतात. तरीही ठाण्यात बसून आमचा जीव टांगलेलाच.

शेवटी पुण्याच्या भाच्याने तोड काढली. त्याचा जुना, २०१४ साली घेतलेला लॅपटॉप पडून होता. तो माजघरातल्या कपाटावर ठेवला आणि त्याला यूएसबीच्या वायरींनी तीन कॅमेरे जोडले. एक ओटीवर, एक स्वयंपाकघरात आणि एक परसदारी. माजघर मधोमध, त्यामुळे तिन्ही वायरी पाच मीटरांच्या आत बसल्या. साध्या वायरीने त्याहून लांब जाऊ नये असा यूएसबीचा दंडक आहे. बाजारात वायफायवर चालणारे कॅमेरे मिळतात हे मलाही ठाऊक आहे. पण घरात वस्तू पडून असताना नवी विकत घेणे आमच्या घराण्यात बसत नाही!

आईने दोन अटी घातल्या. देवघरात आणि न्हाणीघरात कॅमेरा नको, आणि लुगडे बदलताना ती कॅमेऱ्यावर फडके टाकील, त्या वेळी ठाण्याहून फोन करून हैराण करू नये. दोन्ही मान्य झाल्या. मग आम्ही जेवताना टेबलावर टॅबलेट उभा करून वाई पाहू लागलो. आई तांदूळ निवडते आहे, आई तुळशीला पाणी घालते आहे, आई मांजरावर ओरडते आहे. चित्र असे झकास, की तिच्या हातातल्या बांगड्या मोजाव्यात.

एक खोड मात्र पहिल्यापासून होती. लॅपटॉपचा पंखा सतत घरघरायचा. "तुझं ते यंत्र रात्रभर घोरतं रे, तुझ्या बाबांसारखं," असे आईने दोनतीनदा सांगितले. चित्रही मधूनमधून अडखळायचे. जगाचे पंखे दुरुस्त करणारा मी, आईला म्हणालो, "पुढच्या वेळी आलो की बघतो." वाचकहो, हीच ती चूक.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ, बाहेर रिपरिप पाऊस. मी टॅबलेट उभा केला. ओटीवरच्या खुर्चीत आई वाती वळत बसलेली दिसली. मी सौ.ला म्हणालो, "आई निवांत आहे." आम्ही चहा घेतला, बातम्या पाहिल्या. अधूनमधून नजर टाकत होतो. आई आपली खुर्चीतच. म्हातारी माणसे तशीही फार हलत नाहीत. मला काही वावगे वाटले नाही.

साडेसात वाजता शेजारच्या वहिनींचा फोन आला. वाटी परत करायला त्या आल्या, तेव्हा आई परसदारच्या ओल्या पायरीपाशी पडलेली होती. जवळजवळ चाळीस मिनिटे ती तिथे होती. फोन कानाला लावून मी टॅबलेटकडे पाहिले. आई ओटीवर खुर्चीत बसून वाती वळत होती.

मनगट मोडले होते, इतकेच. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले. प्लॅस्टरचे पाच आठवडे मी वाईलाच राहिलो आणि पहिल्याच रात्री, आई झोपल्यावर, वही-पेन्सिल घेऊन त्या लॅपटॉपपुढे बसलो. पुढे जे लिहितो ते त्या वहीतले आहे. घरोघरी आता असे कॅमेरे आले आहेत. कोणी नातवंडांवर नजर ठेवते, कोणी शिकवणी घेते. कोणाला तरी उपयोगी पडेल.

पहिला शोध आईच्याच कर्तबगारीचा निघाला. लॅपटॉपवर धूळ बसू नये म्हणून तिने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. पूर्वी रेडिओवर घालत तसाच, चारी बाजूंनी झालरीचा. पंख्याची जाळी त्याखाली गुदमरली होती. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. तो फार तापला, की जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी लॅपटॉपमध्ये असते, तीत हा वेग दिसतो. तो निम्म्याच्याही खाली आला होता. रुमाल काढला, जाळीतली धूळ ब्रशाने झाडली. वेग पुन्हा पूर्ववत झाला.

इथेच थांबून सगळा दोष क्रोशाच्या रुमालावर टाकण्याचा मोह मला झाला होता. पण त्याच खिडकीत दुसरा आकडा होता. प्रोसेसरवरचा बोजा शंभरात ९६! रुमालाने यंत्र गुदमरले खरे, पण मुळात ते इतके धावत का होते?

दुरुस्तीचा एक जुना नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि आकडा लिहून ठेवावा. दोन स्क्रू एकदम पिळणाऱ्याला कोणत्या स्क्रूने काम झाले ते कधीच कळत नाही. आधी पाहिले, बोजा टाकतो कोण. यादीत सर्वांत वर चित्र पाठवणारा प्रोग्रॅमच होता. तेव्हा व्हायरस वगैरेंची शंका मिटली. मग एकेक कॅमेरा बंद केला. तिन्ही चालू, ९६. दोन, ६७. एकच, ३५. म्हणजे कोणा एका कॅमेऱ्याचा दोष नव्हता. तिघे सारखेच खात होते.

मग लक्षात आले, की लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरही तिन्ही चित्रे सतत रंगत होती. वाईच्या माजघरात ती पाहणार कोण? मांजर! ती दाखवणे बंद केले. ९६ चे ८७ झाले.

आता मुख्य रोगाकडे येऊ. त्यासाठी कॅमेरा आणि लॅपटॉप यांच्यात काय चालते ते समजून घ्यायला हवे. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आमचे कॅमेरे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके काढत, म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून जास्त. आणि अशी चित्रे सेकंदाला ३०. हा एवढा माल यूएसबीच्या जुन्या वायरीतून मोकळा जाऊच शकत नाही. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्राची वळकटी बांधतो आणि वळकट्या पाठवतो. या पद्धतीला एमजेपेग म्हणतात. लॅपटॉपने प्रत्येक वळकटी सोडायची, चित्र पसरायचे, आणि मग इंटरनेटवरून धाडण्यासाठी दुसऱ्याच पद्धतीने पुन्हा बांधायचे. या दुसऱ्या पद्धतीचे नाव एच २६४. ती २००३ साली प्रमाण ठरली आणि फार काटकसरी आहे. आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच ती प्रामुख्याने बांधते. पण काय बदलले हे शोधायला डोके लागते, आणि ते डोके प्रोसेसरचे. सेकंदाला नव्वद वळकट्या सोडायच्या आणि नव्वद पुन्हा आवळायच्या! आमच्या लॅपटॉपचा हमाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे आईला समजावून सांगत होतो. गळ्यात झोळी घालून ती ऐकत होती. म्हणाली, "अरे बाळ, इतके ठिपके कशाला? माझ्या सुरकुत्या मोजायच्या आहेत का तुला? मी उभी आहे की पडले आहे, एवढंच ना बघायचं?"

मी खरोखर गप्प झालो. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मोठा आकडा छापला होता म्हणून आम्ही तो लावला होता. किती हवे, हे कोणी विचारलेच नव्हते.

१९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत एक गंमत झाली होती. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे भांडे असे. लांबून जिने उतरून यावे तर भांडे रिकामे, म्हणून तिथल्या मंडळींनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचे चित्र आपापल्या टेबलावर पाहण्याची सोय केली. चित्र काळेपांढरे, १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे, आणि ते बदले मिनिटातून सुमारे तीनदा. तेवढ्याने काम भागे, कारण प्रश्न एकच होता: कॉफी आहे की संपली? १९९३ पासून तेच चित्र इंटरनेटवर गेले, जगभर गाजले आणि २००१ साली बंद झाले. आज जे वेबकॅम घराघरांत आहेत, त्यांचा मूळ पुरुष म्हणजे हे भांडे. त्या मंडळींना प्रश्न नीट ठाऊक होता, म्हणून चित्र लहान चालले. आमचा प्रश्न तर त्याहून मोलाचा, पण तितकाच साधा होता.

मी ठिपके ६४० गुणिले ४८० वर आणायचे ठरवले. इथे एक चूक केली ती सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी प्रोग्रॅममध्ये जाऊन बाहेर जाणारे चित्र लहान केले. ८७ चे ५८ झाले. बरे, पण अपेक्षेइतके नाही. कारण कॅमेरा अजून मोठ्याच वळकट्या पाठवत होता. लॅपटॉप त्या सोडून, चित्र आखडून, मग बांधत होता. साडी कापून रुमाल करायचे काम वाढलेच होते. चित्र लहान करायचे ते उगमाशी, कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये. तिथे केले आणि आकडा ३१ वर उतरला.

आता मनात आले, चित्र इतके लहान झाले आहे तर वळकटी हवीच कशाला? कच्चे चित्रच घ्यावे, म्हणजे सोडण्याचे कष्ट वाचतील. कॅमेऱ्यात तशी सोय असते. यादीत तिचे नाव वायूवाय२ असे दिसते. ती लावली. दोन कॅमेरे झक्क चालले. तिसरा, नेमका परसदारचा, मुका! माझी पहिली समजूत, कॅमेरा बिघडला. पण तो एकटा लावला तर चालतो. जागा बदलली तर दुसराच कोणी मुका होतो. तेव्हा पुन्हा वही उघडली.

कच्च्या चित्रात एका ठिपक्याला दोन बाइट लागतात. ६४० गुणिले ४८०, त्याची दुप्पट, त्याच्या तीसपट. एका कॅमेऱ्याचे सेकंदाला १ कोटी ८४ लाख बाइट होतात. तारेच्या भाषेत हे सुमारे १४७ मेगाबिट. तिघांचे मिळून ४४२. जुन्या यूएसबीची, म्हणजे २.० ची, क्षमता ४८० अशी छापलेली असते. मग बसायला हवे ना? नाही. ठरल्या वेळी पोचलाच पाहिजे अशा मालासाठी त्या रस्त्याचा जास्तीत जास्त ८० टक्के भागच राखून ठेवता येतो, म्हणजे ३८४. दोन कॅमेरे त्यात बसतात, तिसऱ्याला दारात उभे राहावे लागते. लॅपटॉपला भोके तीन असली तरी आतून रस्ता एकच असू शकतो. आमच्या लॅपटॉपचा तसाच होता. हे म्हणजे एका नळाला तीन तोट्या बसवण्यासारखे. तोट्या वाढल्याने पाणी वाढत नाही.

उपाय आईच्याच प्रश्नात होता. सेकंदाला ३० चित्रे कशाला? ती काही धावण्याच्या शर्यतीत नाही. दहा पुरेत. दहा केली तसा प्रत्येक कॅमेऱ्याचा माल ४९ मेगाबिटांवर आला आणि तिघेही गुण्यागोविंदाने एका रस्त्यावरून जाऊ लागले. बोजा १२. सुरुवातीला एकेक कॅमेरा सेकंदाला ६ कोटी २२ लाख ठिपके काढत होता. आता ३० लाख ७२ हजार. वीसपट फरक! आणि खुर्चीत बसलेली आई, उभी असलेली आई, चालणारी आई, हे सगळे आधीइतकेच ओळखू येत होते. बांगड्या मात्र मोजता येत नव्हत्या.

एक शेवटचा उपाय राहिला होता. २०११ नंतरच्या बऱ्याच प्रोसेसरांत एच २६४ ची बांधणी करणारा वेगळा भाग चित्रविभागातच बसवलेला असतो. त्याला हे एकच काम येते, पण ते तो फार थोड्या श्रमात करतो. आमच्या लॅपटॉपमध्येही तो होता. वर्षभर रिकामा बसून होता. प्रोग्रॅमने स्वतःहून त्याला हाक मारली नव्हती. सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरऐवजी हार्डवेअर निवडले, आणि टास्क मॅनेजरमधला आकडा ७ वर स्थिरावला. घरघर थांबली. माजघर इतके शांत झाले, की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. "गेलं का काय ते?" आईने आतून विचारले.

पण रात्री परसदारचे चित्र पुन्हा खवखवू लागले. तिथे झीरोचा दिवा होता. अंधारात कॅमेरा डोळे ताणून पाहतो, तेव्हा चित्रात वाळूसारखे दाणे उठतात. ते दाणे दर चित्रात जागा बदलतात, आणि बांधणाऱ्याला वाटते, सगळेच हलते आहे! म्हणून झीरोचा दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला. दाणे गेले. चित्र स्वच्छ झाले. त्या स्वच्छ चित्रात परसदारची पायरी लख्ख दिसत होती, शेवाळासकट.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. पन्नास ठिकाणचे आकडे मी वहीत लिहिले होते. हा दिवा मात्र कॅमेऱ्याच्या डोळ्यांसाठी लागला. आईच्या डोळ्यांसाठी तो आम्ही कधी लावला नव्हता. सकाळी उठून पहिले काम केले ते पायरी घासण्याचे, आणि मग सुताराला बोलावून तिथे आधाराला दांडी बसवून घेतली.

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट केली, आणि या साऱ्या खटाटोपात तीच सर्वांत महत्त्वाची असे आता मला वाटते. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात सेकंदांसह चालते घड्याळ टाकले. हे घड्याळ वाईच्या लॅपटॉपवरून चित्रातच उमटते, ठाण्याच्या टॅबलेटवर नव्हे. यंत्र दमले, वीज गेली, इंटरनेट तुटले, काहीही होवो. पडदा काळा झाला तर माणूस सावध होतो. पण शेवटचे चित्र तसेच चिकटून राहिले, तर ते आपल्याला थोपटून झोपवते. त्या संध्याकाळी मला कोणी फसवले नव्हते. आई खरोखरच वाती वळत होती, पण तासाभरापूर्वी. घड्याळ असते तर हे एका नजरेत कळले असते.

आता आमच्या घरचा नियम असा: घड्याळाचे सेकंद थांबलेले दिसले, की दोन मिनिटे वाट पाहायची, मग आईला फोन, तिने उचलला नाही, तर वहिनींना. आणि घड्याळ नीट चालत असले तरी रोज रात्री आठला फोन करायचाच. ही दुसरी अट माझी नाही, आईची. "तुला मी दिसते, पण मला तू कुठे दिसतोस?" असे ती म्हणाली. या प्रश्नावर कोणतेही सेटिंग मला सापडलेले नाही.

प्लॅस्टर निघाले. मनगट अजून पावसाळी हवेत ठणकते. या वर्षी करंज्यांची मुरड तिला घालता येणार नाही म्हणून ती खट्टू आहे, आणि त्यासाठी सौ.ला तिने आधीच वाईला बोलावून घेतले आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही सगळेच तिथे असू. चार दिवस लॅपटॉप बंद राहील, आणि बंद असेपर्यंत त्यावर क्रोशाचा रुमाल घालायला आईला माझी पूर्ण परवानगी आहे.

तुमच्या घरीही एखादे यंत्र घरघरत असेल, तर पुढच्या खेपेवर टाकू नका. दिवाळी सुखाची जावो.